गिफ्ट: भेट, लग्न आणि विष

टिपकागद

गेली चार वर्षे माझे वास्तव्य ड्रेसडेनमध्ये आहे. आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडासाठी जाळीच्या दाराची एकेक खोली आहे आणि तिथे सायकली, जुन्या बॅगा, हिवाळ्याचे टायर असे सामान पडलेले असते. मागच्या महिन्यात तिथल्या भिंतीलगत काळ्या प्लॅस्टिकच्या चपट्या पेट्या दिसू लागल्या. प्रत्येक पेटीवर पिवळा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलेले होते, "आख्टुंग, गिफ्ट!" पुण्याहून आलेली माझी आई त्या दिवशी लोणच्याची बरणी ठेवायला माझ्याबरोबर खाली उतरली होती. तिने चष्मा सावरत ती रोमन अक्षरे वाचली आणि सहज विचारले, "कुणासाठी ठेवलंय गं हे गिफ्ट?" ते उंदरांसाठी ठेवलेले विष आहे असे मी सांगितले, तेव्हा मी थट्टा करते आहे असेच तिला वाटले.

जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष. भेटवस्तूला 'गेशेंक' म्हणतात. जर्मनीत नव्याने आलेल्या प्रत्येक माणसाला हा विनोद पहिल्या आठवड्यात कुणीतरी ऐकवतोच आणि तो बहुधा तिथेच संपतो. मलाही त्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. आईच्या प्रश्नानंतर मात्र मी शब्दकोश उघडले आणि जे हाती लागले ते विनोदापेक्षा बरेच खोल निघाले, म्हणून हा धागा काढते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे इंग्रजी 'गिफ्ट' आणि जर्मन 'गिफ्ट' हे योगायोगाने सारखे दिसणारे दोन शब्द नाहीत. तो एकच शब्द आहे. इंग्रजी, जर्मन, स्वीडिश यांची पूर्वज असलेल्या प्राचीन जर्मानिक भाषेत 'देणे' या अर्थाच्या धातूला एक प्रत्यय लागून 'देण्याची क्रिया' किंवा 'दिलेली वस्तू' या अर्थाचे नाम तयार झाले. संस्कृतात गम् धातूपासून गती आणि मन् धातूपासून मती होते, तिथला 'ति' आणि हा प्रत्यय मुळात एकच आहे. इंग्रजीत 'ड्राइव्ह'पासून 'ड्रिफ्ट' आणि 'थ्राइव्ह'पासून 'थ्रिफ्ट' झाले, त्याच चालीने 'गिव्ह'चे 'गिफ्ट' झाले. जुन्या जर्मनमध्येही या शब्दाचा पहिला अर्थ 'देणे, दान' हाच होता.

मग विष कुठून आले? कोशकारांचे उत्तर असे की ते वैद्यांच्या खोलीतून आले. औषधाच्या ठरावीक मात्रेला ग्रीक वैद्य 'डोसिस' म्हणत आणि त्या शब्दाचा अर्थही 'देणे' असाच होता. तो शब्द उत्तरकालीन लॅटिनमध्ये शिरला आणि लॅटिन ग्रंथ वाचणाऱ्या जर्मन मंडळींनी आपल्या भाषेतील 'देणे' या नामावर, म्हणजे 'गिफ्ट'वर, तोच वैद्यकीय अर्थ चढवला. त्यातच विषाचे नाव थेट तोंडाने घ्यायचे टाळण्याची माणसाची जुनी खोड मिसळली. "त्याला विष घातले" असे म्हणण्याऐवजी "त्याला काहीतरी दिले" असे म्हटले जाऊ लागले. आपल्याकडे खेड्यात आजही "तिला कुणीतरी काहीतरी दिलं" असे हलक्या आवाजात म्हटले की ऐकणाऱ्याला पुढचे समजते. ल्यूथरच्या सोळाव्या शतकातील बायबल-भाषांतरात 'ओटर्नगिफ्ट' म्हणजे सापाचे विष असा शब्द आहे, म्हणजे तोवर हा अर्थ चांगलाच रुजलेला होता. दोन्ही अर्थ काही शतके शेजारी शेजारी नांदले आणि हळूहळू विषाने दानाला घराबाहेर काढले.

जर्मनमध्ये जुना अर्थ एकाच ठिकाणी शिल्लक आहे आणि ती जागा मला फार सूचक वाटते. हुंड्याला जर्मनमध्ये 'मिटगिफ्ट' म्हणतात. 'मिट' म्हणजे सोबत, आणि मिटगिफ्ट म्हणजे मुलीसोबत दिलेले. आजच्या जर्मन माणसाच्या कानाला तो शब्द 'सोबतचे विष' असा ऐकू येतो, आणि आपल्या वर्तमानपत्रांतील हुंडाबळीच्या बातम्या आठवल्या की मलाही त्यावर हसू येत नाही. शब्दाचे मूळ मात्र पूर्णपणे निरुपद्रवी आहे.

इतर युरोपीय भाषांत या शब्दाचे काय झाले, हे तिथे राहणाऱ्यांनी लिहावे. स्वीडिशमध्ये आणखी एक अर्थ आहे असे ऐकून आहे.

गोठलेला किनारा

आपण बरोबर ऐकले आहे. मी स्वीडनमध्ये, गोथेनबर्ग येथे राहतो. इथे हा शब्द 'यिफ्ट' असा उच्चारला जातो आणि त्याचे दोन अर्थ आहेत: नाम म्हणून 'विष' आणि विशेषण म्हणून 'विवाहित'. सरकारी अर्जात वैवाहिक स्थितीच्या रकान्यात 'यिफ्ट' आणि 'ऊयिफ्ट' असे दोन पर्याय छापलेले असतात. 'ऊ' हा आपल्या 'अ' किंवा 'अन्'सारखा नकारदर्शक उपसर्ग आहे. मी इथे आल्यावर पहिला अर्ज भरला तेव्हा शब्दकोशात पहिला अर्थ 'विष' सापडला. त्यामुळे एखाद्या विषारी पदार्थाच्या संपर्कात आलो आहे का असे विचारत असावेत, या समजुतीने मी 'ऊयिफ्ट'वर खूण केली. पत्नी शेजारीच बसली होती. तो कागद पुन्हा भरावा लागला, एवढेच सांगतो.

इथले लोकही "लग्न आणि विष यांना एकच शब्द आहे" हा विनोद करतात, पण लग्नाला विष मानल्यामुळे हे घडलेले नाही. विवाहित या अर्थाचा 'यिफ्ट' म्हणजे मुळात 'दिलेली'. मुलगी लग्नात दिली जात असे, म्हणून ती 'दिलेली'. याचा अर्थ समजायला मराठी माणसाला कोणत्याही कोशाची गरज पडू नये. "थोरली सांगलीला दिली आहे आणि धाकटी निपाणीला" हे वाक्य माझ्या आजीच्या तोंडी रोज असे आणि त्यात 'लग्न' हा शब्द कुठेही नसे. स्वीडनच्या १७३४ च्या कायदेसंहितेत मुलीला लग्नात देण्याचा अधिकार असलेल्या पालकासाठी 'यिफ्तोमान' असा शब्द होता. तो बहुधा बाप असे आणि बाप नसेल तर जवळचा पुरुष नातेवाईक. ही तरतूद विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत रद्द झाली. शब्द मात्र राहिला आणि आता तो पुरुषालाही लागू होतो. मीही इथे कागदोपत्री 'दिलेला' आहे.

विषाचा अर्थ स्वीडिशमध्ये जर्मन व्यापाऱ्यांच्या आणि वैद्यांच्या भाषेतून नंतर आला असे मानतात. त्याआधी स्कँडिनेव्हियात विषाला वेगळाच जुना शब्द होता, 'एइत्र'. आइसलँडने तो सोडलेला नाही, त्यामुळे तिथे विष म्हणजे 'एइतुर' आणि विवाहित म्हणजे 'गिफ्तुर' अशी सोय कायम आहे. त्याच 'एइत्र'चा जर्मन भाऊ 'आयटर' आहे, पण त्याचा अर्थ 'पू' असा झाला. डॅनिश भाषेत कोळ्याला, म्हणजे जाळे विणणाऱ्या कीटकाला, 'एडरकॉप' म्हणतात. त्यातला 'एडर' हाच, म्हणजे तो शब्द 'विषाचे गाडगे' अशा धर्तीचा आहे.

उच्चाराविषयी एक गंमत सांगायलाच हवी. मूळ इंग्रजीत हा शब्द 'यिफ्ट' असाच उच्चारला जात असे. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसरच्या लेखनातही 'यिफ्ट' आणि 'येव्ह' ही रूपे आहेत. त्या काळी कठोर 'ग' होता तो नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, लोकांकडे. इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत डॅनिश व नॉर्वेजियन लोकांनी वस्ती केली आणि त्यांच्या बोलीतून इंग्रजीने 'गिफ्ट' आणि 'गिव्ह' हे कठोर उच्चार उचलले. पुढे स्वीडिश भाषेने इ, ए या स्वरांपूर्वीचा 'ग' मऊ करून त्याचा 'य' केला. म्हणजे एकेकाळी इंग्रज 'यिफ्ट' म्हणत आणि उत्तरेकडचे लोक 'गिफ्ट' म्हणत, आणि आज नेमके उलटे आहे. आमच्या शहराचे नावही इथे 'योतेबोर्य' असे उच्चारतात, त्याचे कारण हेच.

जुन्या इंग्रजीतला अर्थही पाहण्यासारखा आहे. तिथे 'यिफ्ट' म्हणजे वधूसाठी दिलेले मोल आणि त्याच शब्दाचे अनेकवचन म्हणजे विवाहसमारंभ. वाढदिवसाची भेट वगैरे सर्वसाधारण अर्थ नॉर्स भाषेच्या प्रभावाने पक्का झाला.

शंकेखोर

धागा रंजक आहे, परंतु मला एक शंका आहे. अर्थ इतके दूरचे असताना शब्द एकच आहे असे ठामपणे कसे म्हणता येईल? मराठीत 'वर' म्हणजे नवरा, 'वर' म्हणजे देवाने दिलेला वर आणि 'वर' म्हणजे माळ्यावर. उद्या कुणी परदेशी अभ्यासक या तिन्हींची एकच कथा रचेल. 'दिले, म्हणून विष' ही अशीच नंतर जुळवलेली कथा नसेल कशावरून?

टिपकागद

शंका रास्त आहे, पण आपले उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. नवरा या अर्थाचा वर आणि वरदान या अर्थाचा वर हे दोन्ही 'वृ' म्हणजे निवडणे या धातूचे आहेत. एकाला निवडले जाते आणि दुसरे मागून, निवडून घेतले जाते. माळ्यावरचा 'वर' तेवढा वेगळा आहे, कारण तो 'उपरि'पासून आला. म्हणजे तिघांपैकी दोघे सख्खे भाऊ आणि तिसरा नुसता नामसाधर्म्याचा. हे आपण रूपावरून आणि जुन्या लिखाणावरूनच ओळखतो.

जर्मन 'गिफ्ट'च्या बाबतीतही पुरावा लिखाणात आहे. हा शब्द जुन्या ग्रंथांत 'दान' या अर्थी स्त्रीलिंगी आढळतो, आणि 'मिटगिफ्ट' आजही स्त्रीलिंगीच आहे. विष या अर्थी तो पुढे नपुंसकलिंगी स्थिरावला. भाषेने अर्थ वेगळे ठेवण्यासाठी लिंग बदलले. त्यातही दक्षिणेकडे तिसरा प्रकार आहे: बव्हेरियाकडच्या बोलीत पुल्लिंगी 'गिफ्ट' म्हणजे राग. एखाद्याबद्दल मनात 'गिफ्ट' असणे म्हणजे त्याच्यावर डूख धरून असणे. संतापाने वाटेल ते बोलणाऱ्याबद्दल सगळे जर्मन "गिफ्ट आणि पित्त थुंकतो" असे म्हणतात. आपण त्याला "गरळ ओकणे" म्हणतो.

खलबत्ता

मी नाशिकला औषधनिर्माणशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. 'डोसिस'चा उल्लेख आला म्हणून लिहितो.

'डोस' हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, पण तो परका नाही. ग्रीक 'डोसिस' ज्या धातूपासून झाला तोच धातू संस्कृतात 'दा' आहे. दान, दत्त, दाता, आणि लॅटिनमधील 'डोनुम' म्हणजे भेट व 'डोस' म्हणजे हुंडा, ही सारी एकाच घरची मंडळी आहेत. लॅटिनमधील हुंड्याचा 'डोस' आणि आपल्या बाटलीवरचा 'डोस' हे मराठीत लिहिताना एकरूप होतात हा लिपीचा योगायोग, पण धातू खरोखरच एक आहे. 'गिव्ह' आणि 'गिफ्ट' यांचा धातू मात्र निराळा आहे, त्याची 'दा'शी गल्लत करू नये.

आधुनिक ग्रीकमध्ये 'डोसी' म्हणजे औषधाची मात्रा आणि कर्जाचा हप्तासुद्धा. अथेन्समध्ये कुणी फ्रिज डोसांनी घेतला असे म्हणाला तर त्याने तो हप्त्यांवर घेतला असे समजावे. दोन्ही गोष्टी ठरावीक वेळाने द्यावयाच्या असतात. मराठीने याच शब्दाला आणखी वेगळी वाट दिली. "उपदेशाचे डोस पाजणे" हा वाक्प्रचार मी विद्यार्थ्यांच्या तोंडून माझ्याच संदर्भात अनेकदा ऐकला आहे. आपला मूळ शब्द 'मात्रा' आहे आणि तो देण्यावरून न येता मोजण्यावरून आला. वैद्याने उगाळून दिलेली मात्रा लागू पडली काय किंवा एखाद्यापुढे कुणाचीच मात्रा चालली नाही काय, दोन्हींत मोजमाप आहे.

विषावरच्या उताऱ्याला इंग्रजीत 'अँटिडोट' म्हणतात. तो ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'विरुद्ध दिलेले'. जर्मन शब्द 'गेगनगिफ्ट' आहे. 'गेगन' म्हणजे विरुद्ध आणि 'गिफ्ट' म्हणजे, मूळ अर्थाने, दिलेले. दोन्ही शब्दांची घडण नेमकी सारखी आहे. गंमत अशी की आजचा जर्मन माणूस तो 'विरुद्ध विष' असा वाचतो आणि तरीही अर्थ बरोबरच लागतो.

आता मुख्य मुद्दा. पॅरासेल्सस हा १४९३ ते १५४१ या काळातील स्वित्झर्लंडचा वैद्य. विषशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर त्याचे वाक्य असते. ते त्याने १५३८ मध्ये आपल्यावरील आरोपांना उत्तर देताना लिहिले आणि लॅटिनऐवजी जर्मनमध्ये लिहिले. त्याचा आशय असा: सर्व वस्तू विष आहेत आणि विषाविना काहीच नाही, एखादी वस्तू विष ठरत नाही ती केवळ मात्रेमुळेच. मी हे वाक्य तीस वर्षे वर्गात सांगितले, पण ते इंग्रजीतून सांगितले, आणि इंग्रजीत 'पॉइझन' व 'डोस' हे एकमेकांशी नाते नसलेले शब्द आहेत. मूळ वाक्याचा शेवट असा आहे: "आलाइन दी डोसिस माख्ट, दास आइन डिंग काइन गिफ्ट इस्ट." या धाग्यामुळे लक्षात आले की 'डोसिस' आणि 'गिफ्ट' हे दोन्ही शब्द मुळात 'देणे' एवढेच सांगतात. जो शब्द दुसऱ्याचे भाषांतर म्हणून विषापर्यंत पोचला, तो आपल्या मूळ शब्दाशेजारी बसला आहे आणि वाक्याचा सारा अर्थ त्या दोघांतील फरकावर उभा आहे. पॅरासेल्ससला हे जाणवले होते की नाही हा प्रश्न वेगळा, पण मला ते निवृत्तीनंतर कळले याची हळहळ वाटते.

कालव्याकाठी

नेदरलँड्समधून लिहिते. डच भाषेने दोन्ही अर्थ ठेवले आणि भांडण होऊ नये म्हणून मध्ये भिंत घातली. सामान्यलिंगी 'खिफ्त' म्हणजे देणगी. विषासाठी नपुंसकलिंगी 'खिफ' किंवा 'फरखिफ', म्हणजे शेवटचा 'त' गळालेले रूप. तरीही 'विषारी' या अर्थाचे विशेषण 'खिफ्तिख' आहे आणि त्यात तो 'त' पुन्हा हजर होतो. दरवर्षी प्राप्तिकराचे विवरण भरताना मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्या देणग्यांची वजावट मिळते, तिला 'खिफ्तनआफट्रेक' म्हणतात. शेजारच्या जर्मनीतून आलेले माझे सहकारी पहिल्या वर्षी तो शब्द बघून दचकतात, कारण त्यांना ती विषांवरची करसवलत वाटते.

दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या डचांची भाषा, म्हणजे आफ्रिकान्स, हिने मात्र 'खिफ' हा शब्द विषासाठी राखला आणि भेटीसाठी 'खेस्केंक' वापरला, म्हणजे जर्मनचाच मार्ग धरला.

त्या 'गेशेंक' किंवा 'खेस्केंक'कडे आपल्यापैकी कुणी वळले नाही म्हणून लिहिते. त्यामागचे क्रियापद जर्मनमध्ये 'शेंकन' आणि डचमध्ये 'स्खेंकन' असे आहे. जर्मनमध्ये आज त्याचा अर्थ 'भेट देणे' असा आहे, पण डचमध्ये त्याचा पहिला अर्थ अजूनही 'ओतणे' हाच आहे. माझी सासू चहाची किटली हातात घेऊन विचारते, "स्खेंकू का?" तेव्हा ती कपात चहा ओतायचे विचारत असते. हाच मूळ अर्थ आहे: पाहुण्याला पेय ओतून देणे. जर्मनमध्ये गुत्त्याला 'शेंके' म्हणतात, तेही त्यावरूनच. पाहुण्याला पेला भरून देणे, मग काहीही देणे, मग भेट देणे असा त्याचा प्रवास झाला.

पोथीपुराण

कालव्याकाठी यांनी फार मोलाची गोष्ट सांगितली, कारण तिचा दुसरा अर्धा भाग फ्रेंचमध्ये आहे. 'पॉइझन' हा शब्द इंग्रजीने फ्रेंचकडून घेतला आणि फ्रेंचांना तो लॅटिन 'पोतिओ' म्हणजे 'पेय' या शब्दापासून मिळाला. वैद्याने प्यायला दिलेला काढा म्हणजे 'पोतिओ'. तोच शब्द पुढे ग्रंथांतून पुन्हा उचलला गेला आणि 'पोशन' झाला, तर लोकांच्या तोंडून झिजत आलेले रूप 'पॉइझन' झाले. स्पॅनिशमधील 'पोन्सोन्या' म्हणजे जहर, हेही त्याच 'पोतिओ'चे झिजलेले रूप. म्हणजे जर्मनांकडे 'देणे' विष झाले आणि 'पेय ओतणे' भेट झाले, तर फ्रेंचांकडे 'पेय' हेच विष झाले. अर्थांनी वाटेत एकमेकांशी जागा बदलून घेतल्या. फ्रेंचमध्येही या शब्दाने लिंग बदलले. सतराव्या शतकापर्यंत विष स्त्रीलिंगी होते आणि आता ते पुल्लिंगी आहे. दोन शेजारी भाषांत एकाच अर्थाच्या शब्दाने लिंग बदलावे याचे मला आश्चर्य वाटते.

रोमन लोकांचा नेहमीचा शब्द 'वेनेनुम' होता, ज्यापासून इंग्रजी 'व्हेनम' आले. तो शब्द व्हीनस देवतेच्या नावाशी संबंधित आहे आणि त्याचा पहिला अर्थ वशीकरणाचे पेय असा होता. चेक भाषेत अन्नाला 'पोत्रावा' आणि विषाला 'ओत्रावा' म्हणतात, फरक फक्त उपसर्गाचा आहे. युरोपभर पाहिले तर विषाला स्वतःचे नाव असे क्वचितच दिसते. ते दिलेले असते, प्यायलेले असते किंवा खाल्लेले असते.

आपल्याकडेही तसेच आहे. 'गरळ' ज्या 'गर'पासून आले तो शब्द 'गॄ' म्हणजे गिळणे या धातूशी जोडला जातो, आणि संस्कृतात विष घालणाऱ्या माणसाला 'गरद' म्हणत, म्हणजे 'गर देणारा'. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचा एक वर्ग 'रसद' नावाचा आहे. हा 'रसद' म्हणजे सैन्याला पुरवायची रसद नव्हे, ती फारसीतून आली. हा 'रस देणारा', आणि इथे रस म्हणजे विष. पुन्हा पेय, आणि पुन्हा देणे. या सगळ्यांत 'विष' हा एकटाच शब्द सोवळा राहिला आहे. लॅटिन 'व्हिरुस' त्याचा सख्खा भाऊ. त्याचा अर्थही विष किंवा विषारी स्राव असाच होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रोगकारक सूक्ष्म घटकासाठी तो शब्द मुक्रर झाला. म्हणून 'विषाणू' हा मराठी प्रतिशब्द व्युत्पत्तीनेही चपखल बसतो, तो करणाऱ्याने हे मुद्दाम साधले असो वा नसो.

गोठलेला किनारा यांनी जुन्या इंग्रजीतील वधूमूल्याचा उल्लेख केला. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, 'देज'. मोल्सवर्थच्या कोशात तो आहे आणि अनेक जमातींत मुलीच्या बापाला देज देण्याची चाल होती. हुंड्याच्या उलट दिशेने जाणारा पैसा. 'देज' हा संस्कृत 'देय'चा अवतार आहे, म्हणजे 'द्यावयाचे'. जुन्या इंग्रजीतील 'यिफ्ट' आणि आपले 'देज' यांची मुळे वेगळी असली तरी घडण आणि अर्थ एकच आहे.

शंकेखोर

माझी शंका मागे घेतो. 'वर'चे मला खरोखरच ठाऊक नव्हते.

सायसाखर

व्युत्पत्तीत माझी गती नाही. आमच्या कंपनीचे एक जर्मन अधिकारी गांधीनगरला बैठकीसाठी निघाले होते आणि त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर 'गिफ्ट सिटी' असे लिहिलेले होते. ती 'गुजरात इंटरनॅशनल फायनान्स टेक' या नावाची आद्याक्षरे आहेत हे मला समजावून सांगावे लागले. ते म्हणाले की मी रासायनिक उद्योगातला आहे, त्यामुळे मला ते नाव अगदीच स्वाभाविक वाटले होते.

गोठलेला किनारा

थोडी भर घालतो. बाल्टिक समुद्रापलीकडे एस्टोनियन भाषा आहे. ती जर्मानिक तर नाहीच, पण इंडो-युरोपीयही नाही. तिथे शतकानुशतके जर्मन जमीनदार आणि व्यापारी होते, त्यांच्याकडून तिने 'गिफ्ट' घेतला आणि आपल्या जिभेला वळेल असा 'किह्व्त' केला. त्याचा पहिला अर्थ विष. पण बोलीभाषेत 'किह्व्त' म्हणजे झकास, भारी, एक नंबर. तालिनमध्ये माझ्या मित्राच्या मुलीला मी रंगपेटी दिली, तेव्हा तिने ती उघडून हाच शब्द उच्चारला. भेट या अर्थाचा शब्द विष झाला, विष झकास झाले, आणि शेवटी तो एका भेटीलाच लागला.

टिपकागद

सर्वांचे आभार. काल तळघरातल्या पेट्या काढून नेल्या. शेजारच्या आजीबाई जिन्यात भेटल्या आणि मी त्यांना या धाग्याबद्दल सांगितले. त्या शाळेत जर्मन शिकवत असत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या की 'गिफ्ट' तर सगळ्यांना दिसते, तू 'फेरगेबन' पाहिलेस का?

'फेरगेबन' म्हणजे 'देणे' या क्रियापदाला उपसर्ग लावून झालेला शब्द. आज त्याचा पहिला अर्थ 'क्षमा करणे'. घर किंवा नोकरी कुणाला देऊन टाकली असेल तर तीही 'फेरगेबन'. मध्ययुगीन जर्मनमध्ये मात्र एखाद्याला 'फेरगेबन' करणे म्हणजे त्याला विष घालणे. डचमधील 'फरखेव्हन' या भावंडातही हा जुना अर्थ आहे, आणि घर उंदरांनी बुजबुजले असेल तर आजही डच लोक ते उंदरांनी 'फरखेव्हन' आहे असे म्हणतात. हे कालव्याकाठी यांच्या कानावरून नक्की गेले असेल.

हे सांगून होईतो त्यांची नात वर जाताना दिसली. आईने जाताना मला एक गोष्ट बजावली होती, की त्या नातीसाठी आपल्याकडचा एक मुलगा सुचवून बघ. मी भीत भीत विषय काढला. आजीबाई हसल्या आणि म्हणाल्या, "झी इस्ट शोन फेरगेबन." तिला आधीच दिलेली आहे, म्हणजे तिचे कुणाशी तरी जमले आहे.